म्होरक्या नसलेले हादरे

उल्हास नदीकाठच्या जांभूळ गावाची आठवण काढणारे लोक थोडे, पण त्या गावाचे पाणी पिणारे लाखो आहेत. बारवी धरणातून सोडलेले पाणी उल्हास नदीतून उचलले जाते, जांभूळच्या एमआयडीसी जलशुद्धीकरण केंद्रात गाळले जाते आणि मोठाल्या लोखंडी वाहिन्यांतून अंबरनाथ, उल्हासनगर, डोंबिवलीकडे निघते. पहाटे चाळीत 'पाणी आलं' अशी हाक उठते, तेव्हा ते कोणत्या जमिनीवरून आले हे कोणाच्या मनातही येत नाही. मला ते गेली काही वर्षे सारखे आठवते. कारण याच ठाणे जिल्ह्यात, जांभूळपासून सरळ रेषेत चाळीसेक किलोमीटरवर, एका धरणाच्या काठी जमीन महिनोन् महिने थरथरत राहिली होती, आणि ती गोष्ट आपण जवळपास पुसून टाकली आहे.

ते धरण भातसा. शहापूर तालुक्यातले, मुंबई-ठाण्याची तहान भागवणारे. तिथे पाणी साठायला लागून काही वर्षे झाली होती. १९८३ च्या पावसाळ्यात जलाशयाची पातळी झपाट्याने चढली आणि खर्डीच्या आसपास लहान लहान धक्के सुरू झाले. १५ सप्टेंबर १९८३ ला त्यातला सर्वांत मोठा, सुमारे ४.८ तीव्रतेचा धक्का बसला. पुढेही काही काळ धक्के येत राहिले, मग विरळ होत थांबले. शास्त्रज्ञांनी त्यावर निबंध लिहिले. जलाशयामुळे जागृत होणाऱ्या भूकंपांच्या जगभरच्या यादीत भातसाचे नाव कायमचे गेले. खर्डी हे मध्य रेल्वेवरचे स्टेशन आहे, कसाऱ्याची लोकल रोज तिथे थांबते. तरीही त्या लोकलने जाणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल?

भूकंप म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एकच मोठा धक्का येतो आणि त्यामागून येणारे छोटे धक्के, म्हणजे पश्चात्कंप. त्यांचे वागणे बरेचसे शिस्तीचे असते. जपानमध्ये २८ ऑक्टोबर १८९१ ला नोबी भागात प्रचंड भूकंप झाला, सात हजारांहून अधिक माणसे गेली. भूकंपशास्त्रज्ञ फुसाकिची ओमोरी यांनी त्यानंतरचे धक्के मोजत बसून १८९४ मध्ये एक नियम मांडला: पश्चात्कंपांची संख्या उलटलेल्या दिवसांच्या व्यस्त प्रमाणात घटते. पहिल्या दिवशी शंभर धक्के बसले, तर दहाव्या दिवशी साधारण दहा आणि शंभराव्या दिवशी एखादा. सव्वाशे वर्षे उलटली तरी हा नियम टिकून आहे. पश्चात्कंपातला सर्वांत मोठा धक्का मुख्य धक्क्यापेक्षा साधारण १.२ ने लहान असतो, हेही अनुभवाने कळले आहे. म्हणजे घरातला कर्ता गेल्यावर मागे राहिलेल्यांचा आक्रोश हळूहळू शांत व्हावा, तसे ते असते. कर्ता कोण होता, हे सगळ्यांना माहीत असते.

सगळ्याच भूकंपांचे तसे नसते. त्यांच्या एका जातीत म्होरक्याच नसतो. कियू मोगी या जपानी शास्त्रज्ञांनी १९६३ मध्ये भूकंपांच्या क्रमांचे तीन प्रकार केले: मुख्य धक्का आणि पश्चात्कंप, आधी पूर्वकंप, मग मुख्य धक्का, मग पश्चात्कंप, आणि तिसरा, ज्यात एकही धक्का बाकीच्यांपेक्षा ठळकपणे मोठा नसतो. आपल्याकडे याला कोणी भूकंपमालिका म्हणतात, कोणी भूकंपाचे सत्र. आज पाच, उद्या चाळीस, परवा शून्य, तेरवा पुन्हा वीस. त्यात ओमोरींचा नियम लावायला जागा सापडत नाही, कारण मोजणी सुरू कुठून करायची हेच कळत नाही. शिवाय पूर्वकंप होते हे मोठा धक्का बसल्यानंतरच समजते. म्हणून दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारातला फरक त्या क्षणी अंथरुणावर उठून बसलेल्या माणसाला सांगणे कोणालाही जमत नाही.

ही मालिका घडते कशी, ते समजायला स्वयंपाकघरात जावे. नुकत्याच धुतलेल्या ओल्या ओट्यावर गरम पेला उपडा ठेवला की तो कधी कधी आपोआप घरंगळल्यासारखा सरकतो. आतली हवा तापून फुगते, पेल्याला किंचित उचलून धरते, आणि त्याचे वजन ओट्यावर पूर्ण पडेनासे होते. जमिनीखालच्या भेगांत पाण्याचा दाब वाढतो तेव्हा असेच होते. भेगेच्या दोन बाजू एकमेकींवर ज्या जोराने दाबलेल्या असतात, तो जोर कमी होतो आणि आधीपासूनच ताणात असलेला खडक सरकतो. पाणी नुसते वंगण घालत नाही, ते पकड सैल करते. हा दाब खडकातून मुरत मुरत खाली जातो, म्हणून तो पोहोचायला कधी दिवस लागतात तर कधी वर्षे. अमेरिकेत डेन्व्हरजवळ लष्करी कारखान्याचे सांडपाणी १९६२ पासून साडेतीन किलोमीटरहून खोल विहिरीत ढकलले जात होते, आणि त्याबरोबर भूकंप सुरू झाले. १९६६ मध्ये पाणी सोडणे थांबवले, तरी मोठे धक्के १९६७ मध्ये बसले. जपानात मात्सुशिरो येथे १९६५ पासून दोनेक वर्षे लाखो धक्के नोंदले गेले आणि शेवटी जमिनीतून पाणीच उसळून बाहेर आले.

आपल्याकडे पाणी आणि भूकंप यांच्या नात्याच्या अभ्यासाचे माहेरघर कोयना. १०३ मीटर उंचीच्या धरणामागे १९६२ मध्ये पाणी साठू लागले, धक्के जाणवू लागले, आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे चारच्या सुमारास ६.३ तीव्रतेच्या भूकंपाने कोयनानगर पाडले. सुमारे दोनशे माणसे दगावली. धरणालाही तडे गेले, ते नंतर मजबूत केले. पण नवल हे की तेव्हापासून आजवर ती जमीन शांत झालेली नाही. साधारण वीस बाय तीस किलोमीटरच्या पट्ट्यात पाच किंवा त्याहून अधिक तीव्रतेचे वीसहून जास्त धक्के बसले आहेत. भूकंपशास्त्रज्ञ हर्ष गुप्ता यांनी आयुष्यभर या पट्ट्याचा अभ्यास केला. पाण्याची पातळी आधीच्या सर्वोच्च पातळीपेक्षा वर जाणे, ती वेगाने वाढणे, ती बराच काळ उंच राहणे, या गोष्टींचा आणि धक्क्यांचा संबंध त्यांनी दाखवला. कराडला याच कामासाठी प्रयोगशाळा उभी राहिली, आणि गोठणे गावी तीन किलोमीटर खोल विंधन विवर घेतले गेले. बेसाल्टचा जाड थर ओलांडून त्याखालच्या जुन्या ग्रॅनाइटपर्यंत पोहोचून भूकंपाच्या जन्मस्थानाजवळ कान लावायचा, ही त्यामागची कल्पना. मला तरी ती अतिशय सुंदर वाटते.

एक गोष्ट मात्र स्पष्ट केली पाहिजे. धरण भूकंप निर्माण करत नाही. खडकात साठलेला ताण धरणाने आणलेला नसतो, धरणाचे पाणी फक्त त्याला मोकळे होण्याचे निमित्त देते. म्हणून महाराष्ट्रात दोन हजारांवर मोठी धरणे असूनही भातसा आणि कोयनेसारखी उदाहरणे मोजकीच आहेत. बारवीच्या नावाने लगेच घाबरण्याचे कारण नाही. घाबरावे असे नाही, पण माहीत असावे.

कारण जिथे धरणाचा काही संबंध दिसत नाही, तिथेही हे घडते. पालघर जिल्ह्यात, जांभूळपासून शंभरेक किलोमीटरवर, डहाणू आणि तलासरी तालुक्यांत नोव्हेंबर २०१८ पासून जमीन हलू लागली. धुंदलवाडी आणि भोवतालची गावे. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने तिथे यंत्रे बसवली आणि हजारो धक्के नोंदले. बहुतेक इतके लहान की यंत्रालाच कळावेत. पण हे धक्के उथळ होते, आणि उथळ धक्क्याचा आवाज येतो. सुरुंग उडाल्यासारखा, अगदी पायाखालून. कुठे खाणीत स्फोट करतात का, अशी शंका लोकांना आली तर त्यात लोकांची चूक नाही. हिंगोली जिल्ह्यातल्या वसमत तालुक्यात पांगरा शिंदे परिसरानेही हे जमिनीखालचे गूढ आवाज वर्षानुवर्षे ऐकले आहेत. २०२४ मध्ये तिथे दोनदा, मार्चमध्ये आणि जुलैमध्ये, ४.५ च्या आसपासचे धक्के बसले.

डहाणूत १ फेब्रुवारी २०१९ ला ४.१ तीव्रतेचा धक्का बसला. घर कोसळले म्हणून नव्हे, तर भीतीने पळताना पडून दोन वर्षांची एक मुलगी गेली. ४.१ हा आकडा शास्त्रज्ञांच्या दृष्टीने किरकोळ आहे. त्या घरासाठी तो किरकोळ नव्हता. लोक कडाक्याच्या थंडीत घराबाहेर तंबूत झोपू लागले, शाळांचे वर्ग उघड्यावर भरू लागले. मोठ्या भूकंपात मदतीचा ओघ लागतो, पुनर्वसनाची यादी होते, मंत्र्यांचे दौरे होतात. इथे काय पडले ते दाखवता येईना, पण झोप मात्र रोज उडत होती.

अशा वेळी प्रशासनाचे ठरलेले वाक्य येते: घाबरू नका. त्याला जोडून गावोगाव एक दिलासाही फिरतो, की छोट्या धक्क्यांतून जमिनीतला ताण निघून जातो, म्हणजे मोठा येणार नाही. हा दिलासा खोटा आहे. तीव्रतेचा आकडा एकाने वाढला की ऊर्जा सुमारे बत्तीस पटींनी वाढते. कोयनेच्या ६.३ च्या भूकंपाइतकी ऊर्जा ३ तीव्रतेच्या धक्क्यांनी बाहेर काढायची तर तसे सुमारे नव्वद हजार धक्के लागतील. वाफ सोडून कुकरचा दाब उतरावा, तसे जमिनीत होत नाही.

किल्लारीची आठवण इथे टाळता येत नाही. ऑगस्ट ते ऑक्टोबर १९९२ या काळात किल्लारीच्या लोकांनी शंभरावर धक्के अनुभवले होते, त्यातला मोठा १८ ऑक्टोबरला बसला. लोक बाहेर झोपले, अधिकारी येऊन गेले, मग जमीन शांत झाली आणि लोक घरात परतले. जवळपास वर्षभराने, ३० सप्टेंबर १९९३ ला, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनाची रात्र सरता सरता पहाटे ३.५६ वाजता भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली गावे मातीत गेली, हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. धाब्याची घरे, मातीचा जाड थर डोक्यावर, चिखलात रचलेल्या दगडी भिंती. ऊन आणि पाऊस यांच्यासाठी शहाणपणाने बांधलेले घर हादऱ्यासाठी मात्र जीवघेणे निघाले.

यावरून प्रत्येक मालिकेनंतर किल्लारी घडते असे कोणी म्हणू नये. बहुतेक मालिका भातशासारख्याच विझून जातात. पण 'घडणार नाही' असे म्हणण्याचा अधिकारही कोणाला नाही. इटलीत लाक्विला शहरात २००९ च्या सुरुवातीला महिनोन् महिने धक्के बसत होते. ३१ मार्चला तज्ज्ञांची बैठक झाली, लोकांपर्यंत दिलाशाचा सूर पोहोचला, आणि ६ एप्रिलच्या पहाटे ६.३ च्या भूकंपात ३०९ माणसे गेली. धक्का बसला की रात्र बाहेर काढायची, ही त्या गावाची जुनी रीत. दिलासा ऐकून आमची माणसे त्या रात्री घरातच थांबली, असे काही कुटुंबांनी न्यायालयात सांगितले. सहा शास्त्रज्ञ आणि एका अधिकाऱ्याला २०१२ मध्ये शिक्षा झाली. २०१४ मध्ये शास्त्रज्ञ अपिलात सुटले. भाकीत करता आले नाही म्हणून शिक्षा देणे मला पटत नाही. पण जे माहीत नाही ते माहीत असल्यासारखे सांगणे, हा दोष उरतोच. जपानच्या नोतो द्वीपकल्पात २०२० च्या अखेरीपासून मालिका चालू होती. तिथे १ जानेवारी २०२४ ला ७.६ चा भूकंप झाला.

मग लोकांना सांगायचे काय? मला वाटते, लोकांना खरे ऐकायचे असते. काल किती धक्के बसले, सर्वांत मोठा किती होता, मोठा येण्याची शक्यता कमी आहे पण शून्य नाही, आणि तोपर्यंत घरात काय करता येईल. यातले शेवटचे सगळ्यांत महत्त्वाचे. डहाणू-तलासरीची कारवीची कुडाची घरे हलकी आणि लवचिक असतात, ती डुलतात आणि पडलीच तरी माणसाचा जीव सहसा घेत नाहीत. धोका आहे तो पट्टी न घालता चढवलेल्या विटांच्या भिंतींना. भारतीय मानकांत याचा उपाय कित्येक वर्षे लिहिलेला आहे: जोत्यावर, दारे-खिडक्यांच्या वर आणि छताखाली सलग काँक्रीटची पट्टी, जी चारही भिंतींना कमरपट्ट्यासारखी बांधून ठेवते. गवंड्याला हे दाखवायला फार वेळ लागत नाही. घरकुलाच्या प्रत्येक हप्त्यासोबत हे तपासले जावे, इतकीच मागणी आहे.

आता पुन्हा जांभूळकडे येतो. बदलापूर-अंबरनाथ पट्टा भूकंपाच्या तिसऱ्या क्षेत्रात मोडतो, म्हणजे मध्यम धोक्याच्या. इथल्या नव्या इमारती बहुधा खाली वाहनतळ आणि वर घरे अशा आहेत. वर भिंतींनी भरलेले मजले आणि खाली नुसते खांब. भुजच्या २००१ च्या भूकंपात अहमदाबादला अशाच इमारती खालच्या मजल्यापाशी बसल्या होत्या. पण मला त्याहून जास्त छळते ती पाण्याची वाहिनी. सॅन फ्रान्सिस्कोत १९०६ मध्ये भूकंपाने जितके पाडले त्याहून जास्त आगीने जाळले, कारण पाण्याच्या वाहिन्या तुटल्या होत्या आणि बंबांना पाणीच मिळेना. अंबरनाथ, बदलापूर, डोंबिवलीला रासायनिक कारखान्यांच्या रांगा आहेत. त्यांची आग विझवायला लागणारे पाणी आणि चाळीतल्या हंड्यात पडणारे पाणी एकाच काठावरून निघते. वाहिनी जिथे नाला ओलांडते, जिथे भरावावरून जाते, जिथे टाकीला जोडली जाते, तिथले सांधे हादरा सोसतील असे आहेत का, आणि एक वाहिनी फुटली तर दुसरीकडून पाणी वळवायचा व्हॉल्व्ह कुठे आहे, हे जांभूळच्या पंपावर रात्रपाळीला बसणाऱ्या माणसाला अंधारातही ठाऊक असले पाहिजे.