चेन्नईची कासवफेरी

सार्वजनिक कार्यासाठी माणसे जमवणे वाटते तितके कठीण नाही. एखाद्या सत्कार्याच्या नावाने दौड किंवा पदयात्रा काढावी, तर मोठ्या शहरात पाच-सहाशे माणसे सहज गोळा होतात. फलक झळकतात, टोप्या वाटल्या जातात, अल्पोपाहार होतो. आणि महिन्याभराने ती दौड कशासाठी होती हे धावणाऱ्यालाही आठवत नाही. अशा उपक्रमांत पैसा, परवानगी आणि प्रसिद्धी यांचा विचार बारकाईने होतो. परंतु आलेल्या माणसाने नेमके काय करायचे, हा प्रश्न बहुधा मागे राहतो. चेन्नईच्या किनाऱ्यावरील कासवफेरीत हाच प्रश्न सर्वांत आधी सोडवलेला दिसतो, आणि म्हणून तिची रचना पाहण्यासारखी आहे.

बंगालच्या उपसागरातील ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवांच्या माद्या जानेवारीपासून एप्रिलपर्यंत रात्रीच्या वेळी या किनाऱ्यावर येतात. मागच्या पायांनी वाळूत सुमारे दीड फूट खोल, सुरईच्या आकाराचा खड्डा करून त्यात शंभर-सव्वाशे अंडी घालतात, वाळू लोटून तो बुजवतात आणि समुद्रात परत जातात. पिलांची भेट त्यांना कधीच होत नाही. पूर्वी ही अंडी माणसे आणि कुत्री उकरून नेत. शहर वाढले तसे एक नवे संकट उभे राहिले. अंड्यातून बाहेर पडलेले पिलू क्षितिजावरील उजेडाच्या रोखाने चालते. निसर्गात हा उजेड समुद्राकडे असतो. शहरात तो रस्त्यावरील दिव्यांचा असतो. त्यामुळे पिले पाण्याकडे जाण्याऐवजी रस्त्याकडे जातात आणि मरतात.

१९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत, तेव्हाच्या मद्रास शहरात, रोम्युलस व्हिटेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रात्री किनाऱ्यावर पायी फिरून ही घरटी शोधण्यास आणि अंडी सुरक्षित जागी उबवण्यास प्रारंभ केला. त्या वर्तुळात आलेले सतीश भास्कर हे अभियांत्रिकीचे विद्यार्थी होते. पुढे त्यांनी भारताच्या किनाऱ्याचा फार मोठा भाग पायी पालथा घालून समुद्री कासवांची पाहणी केली. मध्यंतरी काही वर्षे सरकारी यंत्रणांनी हे काम पाहिले, आणि १९८८ साली शहरातील विद्यार्थ्यांनी एकत्र येऊन ते आपल्याकडे घेतले. स्टुडंट्स सी टर्टल कॉन्झर्वेशन नेटवर्क या नावाने त्यांची संघटना ओळखली जाते.

या विद्यार्थ्यांचे स्वयंसेवक हंगामात रात्रीमागून रात्र चालतात, आणि आठवड्याच्या अखेरीस इतर नागरिकांनाही बरोबर घेतात. नीलांकराईपासून बेसंट नगरपर्यंतची वाट सुमारे सात किलोमीटरांची. निघण्यापूर्वी मंडळींना कासवाचे जीवन आणि फेरीचे नियम समजावून सांगितले जातात. नियम थोडे, पण कडक आहेत. विजेरी लावायची नाही, गलका करायचा नाही, मादी दिसल्यास तिच्या पुढे जायचे नाही. मध्यरात्रीच्या सुमारास चालणे सुरू होते. पाय वाळूत रुततात, झोप डोळ्यांवर येते, आणि कासव दिसेलच अशी हमी कोणीही देत नाही. दिसतो तो पुष्कळदा मादीच्या सरपटण्याचा माग. त्या मागावरून घरटे ओळखायचे, अंडी हलक्या हाताने कापडी पिशवीत घ्यायची, खड्ड्याची खोली मोजायची आणि उबवणी केंद्राच्या कुंपणात तेवढ्याच मापाचा खड्डा करून ती पुरायची. पुढे साधारण पंचेचाळीस ते साठ दिवसांत पिले बाहेर येतात. वाळूच्या उष्णतेवर पिलू नर की मादी हे ठरते. म्हणून खड्ड्याचे माप आणि वाळूवरील सावली यांना महत्त्व आहे. पिले मोजून, नोंद करून पाण्याच्या दिशेने सोडली जातात.

संयोजनाच्या दृष्टीने यात तीन गोष्टी ध्यानात येतात. पहिली, उपक्रमाची तिथी संयोजकांच्या सोयीने ठरत नाही. ती कामाच्या गरजेने ठरते. दुसरी, माणसांच्या संख्येला मर्यादा आहे, कारण गर्दी झाली तर ज्याच्यासाठी ती जमली त्याच प्राण्याला ती घातक ठरेल. तिसरी, यशाची नोंद घरटी, अंडी आणि पिले यांच्या आकड्यांत होते. उपस्थितीच्या आकड्यात नव्हे. रिकाम्या हाताने परतलेली रात्रदेखील वहीत लिहिली जाते, आणि त्या नोंदीचाही पुढे उपयोग असतो.

लोकांची हौस मोठी असेल तर काय करावे, याचे उत्तर महाराष्ट्रात सापडते. रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातील वेळास येथे चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ साली कासवांच्या संरक्षणाचे काम हाती घेतले, आणि २००६ पासून तेथे कासव महोत्सव होऊ लागला. तेथे पाहुण्यांना रात्रीच्या फेरीवर न नेता सकाळ-संध्याकाळी, पिले समुद्राकडे जाताना दोरीच्या अलीकडून पाहू दिले जाते. पाहुणे गावकऱ्यांच्या घरी उतरतात, त्यामुळे घरटे राखण्यात गावाचेही हित गुंतते. चेन्नईने थोड्यांना काम दिले, वेळासने पुष्कळांना दर्शन दिले. पण कासवाच्या वाटेत माणूस येणार नाही, हे पथ्य दोघांनीही पाळले.

अशा उपक्रमाची शक्ती मात्र अमर्याद नाही. जानेवारी २०२५ मध्ये चेन्नई आणि आसपासच्या किनाऱ्यावर शेकडो कासवे मरून वाहत आली. कासव फुप्फुसाने श्वास घेते. ट्रॉलरच्या जाळ्यात अडकून वर येता आले नाही तर ते पाण्यातच गुदमरते. रात्री सात किलोमीटर चालून हे थांबत नाही. त्यासाठी किनाऱ्यालगत ट्रॉलरना असलेली बंदी प्रत्यक्षात पाळली जावी लागते, आणि जाळ्यांत कासवांना निसटण्याची वाट ठेवावी लागते. तथापि मेलेली कासवे किनाऱ्यावर मोजतात, त्यांची नोंद करतात आणि शासनाला जाब विचारतात, त्यांत रात्रीच्या फेरीवर चालणारी माणसे असतात. एका रात्री अंड्यांची पिशवी ज्याने हाताने उचलून नेली, त्याला त्या अंड्यांचे पुढे काय झाले हे विचारावेसे वाटते. एखादा उपक्रम संस्मरणीय झाला की नाही, हे त्या विचारण्यावरूनच ओळखावे.