स्त्रियांचा वेश आणि बदलता समाज

दरवर्षी १२ जानेवारीला सिंदखेड राजा येथे जिजाऊ जन्मोत्सव साजरा होतो. त्या दिवशी अनेक मुली नऊवारी नेसून, डोक्याला फेटा बांधून येतात. त्यांच्या आजी-पणजींनी हेच लुगडे निंदण करताना, कापूस वेचताना रोज नेसले होते. कालचे कष्टाचे वस्त्र आज अभिमानाचे झाले आहे. स्त्रियांच्या वेशातील असे बदल केवळ हौसेचे नसतात. समाजकारण आणि राजकारण यांच्या खुणा त्यांत उमटलेल्या असतात.

काष्ट्याच्या लुगड्यात पाय मोकळे राहत. शेतातील कामाला ते सोयीचे होते. पुढे शहरांतून, शिक्षणाबरोबर, पाचवारी गोल साडी आली. शाळेत शिकविणाऱ्या आणि कचेरीत काम करणाऱ्या स्त्रियांनी ती स्वीकारली व हळूहळू ती खेड्यांतही रूढ झाली. स्वातंत्र्यलढ्याच्या काळात खादीची साडी ही तर राजकीय निष्ठेची उघड साक्षच होती.

वेशाबाबत स्त्रीला एक न्याय आणि पुरुषाला दुसरा, ही विसंगती बुलढाण्याच्याच ताराबाई शिंदे यांनी ओळखली होती. त्यांचा ‘स्त्रीपुरुषतुलना’ हा ग्रंथ १८८२ साली प्रसिद्ध झाला. पुरुष इंग्रजी पेहराव व चालीरीती खुशाल उचलतात, मात्र धर्म आणि रूढी सांभाळण्याचे ओझे स्त्रीवरच टाकतात, यावर त्यांनी निर्भीडपणे बोट ठेवले.

वेशावरून जात ओळखली जावी, अशीही व्यवस्था आपल्याकडे होती. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांना अस्पृश्यतेची ओळख पटविणारी लुगडे नेसण्याची पद्धत व जड दागिने टाकून देण्याचे आवाहन केले. तेथील स्त्रियांनी ते लगेच अमलात आणले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे झालेल्या धम्मदीक्षेला स्त्रिया शुभ्र वस्त्रे नेसून आल्या. साडी नेसण्याची तऱ्हा बदलणे हीदेखील समतेची मागणी होती.

जिल्ह्यातील तांड्यांवर मात्र वेगळे चित्र दिसते. आरशांची व भरतकामाची काचळी-घागरा वृद्ध बंजारा स्त्रिया आजही घालतात. तरुण मुली साडी किंवा पंजाबी ड्रेस पसंत करतात. यात सोय आहे. पण एका कलेच्या विस्मरणाची भीतीही आहे.

आता एस.टी.ने किंवा सायकलने शाळेला जाणारी मुलगी गणवेशाचा सलवार-कमीज घालते आणि एस.टी.ची महिला वाहक खाकी गणवेशात तिकीट देते. १९९३ पासून अमलात आलेल्या ७३व्या घटनादुरुस्तीने पंचायतींत स्त्रियांना एकतृतीयांश जागा मिळाल्या. २०११ पासून महाराष्ट्रात हे प्रमाण निम्मे झाले. सभेला येणाऱ्या सदस्येच्या डोक्यावर पदर असेल किंवा नसेल. तिचा शब्द इतिवृत्तात नोंदला जातो की तिच्या जागी घरचा पुरुष बोलतो, हे पाहणे अधिक अगत्याचे आहे.

मुलींच्या पेहरावावर गावात चर्चा होते तेव्हा शिक्षकांनी, अधिकाऱ्यांनी व पंचायत सदस्यांनी एक प्रश्न अवश्य विचारावा : हा निर्णय घेताना त्या मुलीला कोणी विचारले काय? नऊवारी असो वा सलवार-कमीज, वेश तिने स्वतः निवडलेला असेल तरच तो प्रगतीची खूण ठरेल.