वऱ्हाडात लाइन जाते, येते, लागते आणि मारलीही जाते! एका इंग्रजी शब्दाचे एवढे अर्थ आले कुठून?

पुण्यात लाइट जातात. अमरावती-अकोल्यात लाइन जाते.

"लाइन आली काय गा?"
"नायी आली बाप्पा, दुपारपासून गेली हाय."

हा संवाद मूर्तिजापूर, दर्यापूर, अकोट कुठेही ऐकू येतो. बाहेरून शिकायला आलेल्या पोराला पहिल्या आठवड्यात प्रश्न पडतोच, की गेली ती कुठली लाइन? रेल्वेची, रेशनची की फोनची? उत्तर आहे, विजेची. पण बाकीच्या लाइनीही याच गावात आहेत आणि ऐकणारा बरोबर ओळखतो.

खांबावरच्या तारांना इंग्रजीत लाइन म्हणतात. त्या सांभाळणारा तो लाइनमन. गावात वीज आली तेव्हा हे दोन्ही शब्द सोबत आले आणि तारेचं नाव तारेतून येणाऱ्या विजेला चिकटलं. सरकारी मराठीत या लाइनला 'वाहिनी' म्हणतात. २०१७ ला सुरू झालेल्या 'मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजने'तली वाहिनी तीच. पण "वाहिनी गेली" असं कोणी म्हणत नाही. म्हटलंच, तर ऐकणारा विचारेल, वहिनी कोणत्या गाडीने गेली?

घरात आहे, शेतात नाही

खरी गंमत पुढे आहे. घरात बल्ब सुरू आहे, पंखा फिरतोय आणि तरी घरचा माणूस म्हणतो, "लाइन नायी." तो खोटं बोलत नाही. घराला सिंगल फेज पुरते, विहिरीवरच्या मोटरला थ्री फेज लागते. शेतीच्या फिडरवर थ्री फेज ठरावीक तासच असते, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. त्यामुळे शेतकऱ्याच्या तोंडची 'लाइन' म्हणजे मोटर चालेल एवढी वीज. हरभऱ्याला पाणी द्यायच्या दिवसांत "आज लाइन रातची हाय" या एका वाक्यात थंडी, साप, रानडुक्कर आणि जागरण सगळं आलं. सौर वाहिनी योजनेचं आश्वासनच मुळी दिवसा वीज देण्याचं आहे, ते याचमुळे.

आणि इथेच हा शब्द धोक्याचा होतो. घरातली लाइन गेली म्हणजे खांबावरची गेली असं नसतं. डीपीवरचा एकच फ्यूज उडालेला असू शकतो, बाकीच्या दोन तारा जिवंत असतात. वरच्या बाजूची अकरा केव्हीची लाइन तर सुरूच असते. "लाइन गेलीच हाय, टाकून देतो फ्यूज" म्हणत डीपीवर हात घालणाऱ्याला हा फरक कळायला दुसरी संधी मिळत नाही. वर, शेजाऱ्याने चुकीच्या जोडणीचा जनरेटर सुरू केला, तर बंद लाइनमध्येही उलटी वीज येऊ शकते. म्हणून लाइनमनसुद्धा नुसत्या फोनवरच्या "बंद केली"वर चढू नये असा नियम आहे. आधी परमिट, मग तार जमिनीशी जोडणं, मग काम. तुटलेली तार दिसली तर लांब राहायचं आणि १९१२ वर फोन करायचा, बस.

याच कामात एक शब्दप्रयोग दोन खात्यांत उलटा वापरला जातो. दक्षिणेकडच्या राज्यांत वीज कर्मचारी परमिटला 'लाइन क्लिअर' म्हणतात. म्हणजे वीज बंद, आता तारेत काही येणार नाही. रेल्वेत स्टेशन मास्तर पुढच्या स्टेशनकडून 'लाइन क्लिअर' घेतो, तेव्हा अर्थ होतो की मार्ग मोकळा आहे, आता गाडी येणार! शब्द तेच. एका ठिकाणी ते ऐकून कामाला लागायचं, दुसऱ्या ठिकाणी रुळावरून बाजूला व्हायचं.

रेल्वेचा विषय निघाला की वऱ्हाडात 'शकुंतला' येतेच. मूर्तिजापूरहून एकीकडे दर्यापूर, अंजनगावमार्गे अचलपूरला आणि दुसरीकडे कारंजामार्गे यवतमाळला जाणारी ही अडीच फुटी नॅरोगेज लाइन. ब्रिटिश काळात किलिक निक्सन कंपनीने ती कापूस वाहायला टाकली. १९९४ पर्यंत तिला वाफेचं इंजिन ओढत होतं. आता गाड्या बंद आहेत आणि ब्रॉडगेजची मागणी सुरू आहे. लोक अजूनही पत्ता सांगताना "लाइनच्या तिकडे" म्हणतात. गाडी नाही, पण लाइन आहे.

अकोल्यातल्या 'सिव्हिल लाइन्स'मध्ये मात्र ना तार आहे ना रूळ. ब्रिटिश छावणीत सैनिकांच्या राहुट्या ओळीने असत, त्यांना 'लाइन्स' म्हणायचे. मुलकी साहेबांच्या बंगल्यांची वस्ती ती सिव्हिल लाइन्स. पोलिस लाइनही त्याच घरातली.

बाकीचे अर्थ पटापट. "तुयं पोरगं कोन्त्या लाइनले हाय?" यातली लाइन म्हणजे पेशा: मेडिकल लाइन, बँकेची लाइन. घराचा पाया खोदण्याआधी चुन्याने होतो तो लाइन आउट. ठिबकच्या नळ्या म्हणजे ठिबकच्या लाइनी. पण शेतातल्या पिकाच्या ओळीला मात्र वऱ्हाडात आजही 'तास' म्हणतात आणि निंदणाऱ्या बाईच्या वाट्याला येते ती 'पात'. ज्या कामाला आपला शब्द आधीच पक्का होता, तिथे लाइनला जागा मिळाली नाही.

'लाइन मारणे' हा प्रकार सिनेमा आणि रील्समुळे हलकाफुलका वाटतो. मुलगी हसली तर एक गोष्ट. ती नको म्हणते आणि तरी कॉलेजपासून घरापर्यंत मागे जाणं, इन्स्टावर पुन:पुन्हा मेसेज टाकणं सुरू राहिलं, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये त्याला पाठलागाचा गुन्हा म्हटलंय. पहिल्यांदा दोष सिद्ध झाला तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. "मी तर फक्त लाइन मारत होतो" हा बचाव तिथे चालत नाही.

मुळात हा शब्द आहे जवसाचा

लॅटिनमध्ये 'लिनुम' म्हणजे जवस. जवसाच्या झाडाच्या सालीपासून निघणारा धागा ती 'लिनेआ'. धागा ताणला की सरळ रेघ मिळते, म्हणून रेघेलाही तेच नाव पडलं. पुढे रेघेवरून रांग, तार, रूळ, पेशा असा पसारा वाढला. लिनन कापडही तिथूनच आलं. शास्त्रीय नावात जवस आजही 'लिनम'च आहे. वऱ्हाडात जवसाचा धागा कोणी काढत नाही, चटणी करतात. पण अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचं जवसावरचं संशोधन नागपूरच्या केंद्रात चालतं.

मराठीनेही धाग्यावरून हाच प्रवास केलाय. गवंडी सूत लावून भिंत सरळ करतो आणि वाह्यात पोराला 'सुतासारखा सरळ' करतात. आजचा बाप तेच "लाइनवर आणतो" म्हणून सांगतो.

सगळ्यात नवी लाइन मोबाइलमधून आली. खेड्यात 'ऑनलाइन' हे आता क्रियापद झालंय. "ऑनलाइन केलं काय?" म्हणजे सेतू केंद्रात जाऊन फॉर्म भरला काय. हमीभावाने तूर-हरभरा विकायचा तर आधी नोंदणी ऑनलाइन करावी लागते. सर्व्हर चालू असला तर. नंबर आला की माल भरून केंद्रावर जायचं आणि ट्रॅक्टर लाइनीत लावायचा.