नेट बदलताय? ड्रिल मशीन चालू होण्याआधी हे वाचा

आजचा एपिसोड आहे घरातल्या फायबरच्या वायरबद्दल. विषय किरकोळ वाटेल, पण आधी माझा किस्सा ऐका.

गेल्या जुलैमधली रात्र. आमचा रिलीज चालू होता, मी घरूनच काम करत होतो. बाहेर धो धो पाऊस. पाणी आत येतंय म्हणून आईने बाल्कनीचं स्लायडिंग दार जोरात ओढलं आणि राउटरशेजारच्या डब्यावर लाल दिवा लागला. फायबर तुटली होती. पुढचे चार दिवस मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काढले, आणि आई रोज म्हणायची, 'माझ्यामुळे तुझं काम अडलं रे.'

खरं तर चूक आईची नव्हती. ज्याने वायर दाराच्या फटीतून आत घेतली त्याची होती, आणि त्याला 'चालेल दादा' म्हणणाऱ्या माझी होती. म्हणून कंपनी बदलताना ठरवलं: वायरचा रस्ता आपण ठरवायचा, आणि तोही माणूस घरी यायच्या आधी.

ही वायर इतकी नाजूक का?

फायबर म्हणजे काचेचा तंतू. जाडी 125 मायक्रॉन, आणि प्रकाश जातो तो त्यातल्या साधारण 9 मायक्रॉनच्या गाभ्यातून. वायर जास्त वाकली की प्रकाश बाहेर गळतो, आणि चेपली गेली की काच तुटते. सोपा नियम लक्षात ठेवा: वळण चहाच्या कपाच्या तळापेक्षा लहान नको. कोपऱ्यात काटकोनात दुमडायची नाही, वर खिळा ठोकायचा नाही.

रस्ता कसा ठरवायचा?

जिन्यातल्या डक्टपासून तुमच्या दारापर्यंत एकदा चालून बघा. बऱ्याच फ्लॅटमध्ये टीव्हीच्या केबलसाठी भिंतीत पाइप टाकलेला असतो. आमच्याकडे त्यात जुनी, बंद पडलेली केबल होती. तिच्या टोकाला नायलॉनची दोरी बांधून दुसऱ्या बाजूने ओढली. दोरी पाइपात राहिली, आणि नंतर तिच्याच मदतीने नवी फायबर आत आली. भोक पाडायची गरजच पडली नाही.

एक मात्र करू नका. लाइटच्या वायरच्या पाइपातून फायबर नेऊ नका. या वायरमध्ये आधारासाठी अनेकदा स्टीलची तार असते, आणि 230 व्होल्टच्या शेजारी ती नको.

आणि मुख्य गोष्ट: फायबर घरभर फिरवू नका

फायबर दाराजवळच थांबवा. फायबर ज्याला जोडतात तो डबा, म्हणजे ओएनटी, तिथेच लावा. तिथून हॉलमधल्या राउटरपर्यंत साधी कॅट सिक्स केबल न्या. ती तांब्याची असते, थोडे धक्के सोसते, आणि 100 मीटरपर्यंत 1 जीबीपीएस आरामात देते. पुढच्या वेळी कंपनी बदललीत तर फक्त दाराजवळचं काम, आतलं सगळं तसंच. फक्त ओएनटीजवळ प्लग पॉइंट आहे ना, ते आधी बघून ठेवा. ओएनटीमध्येच वायफाय असेल आणि तेच वापरायचं असेल, तर तो लोखंडी कपाटात किंवा डीबीच्या बॉक्समध्ये कोंबू नका, रेंज मरते.

भोक पाडायचंच असेल तर

ते बाहेरच्या बाजूला थोडं उतरतं हवं, म्हणजे पाणी आत येत नाही. बाहेर वायरला भोकाच्या खाली एक झोळ द्या, थेंब तिथूनच गळून जातात. फट सिलिकॉनने बंद करा. स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा खाली ड्रिल नको, आत लाइटच्या वायरी असतात. आणि दादांना सांगा, वायर आधी आत घ्या, कनेक्टर नंतर लावा. मग लहान भोक पुरतं. सोसायटीच्या ऑफिसला आधी विचारलं तर नंतर वॉचमनशी वाद होत नाही.

दादा निघण्याआधी काय बघायचं?

एक, पॉवर मीटरचं रीडिंग. ते उणे आकड्यात, डीबीएममध्ये असतं. उणे 15 ते उणे 25 च्या आसपास असेल तर ठीक. उणे 27 च्या खाली गेलं तर तक्रार आत्ताच करा. दर 3 डीबीला प्रकाश निम्मा होतो, त्यामुळे 'दोन-चारने काय फरक पडतो' हे ऐकून घेऊ नका. रीडिंगचा फोटो काढून ठेवा, पुढे नेट अडखळलं तर तुलना करता येते.

दोन, कनेक्टरचा रंग. हिरव्याचं तोंड तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं तसं नसतं. हिरवा हिरव्यालाच जोडायचा.

तीन, काचेचे तुकडे. वायर सोलताना केसासारखे तुकडे फरशीवर पडतात आणि पायात गेले तर सापडत नाहीत. घरात रांगणारं बाळ असेल तर हे सगळ्यात महत्त्वाचं. चिकटपट्टीने टिपून घ्या, हाताने नको. आणि फायबरच्या टोकात डोळा लावून बघू नका. त्यातला लेझर दिसत नाही, पण असतो.

जुन्या कनेक्शनचं काय?

नवं नेट आठवडाभर नीट चालेपर्यंत जुनं बंद करू नका. नंतर जुना डबा परत करताना पावती घ्या, नाहीतर डिपॉझिटसाठी फोन करत बसाल. आणि जुनी वायर काढून न्यायला सांगा. नाहीतर दोन वर्षांनी कोणती चालू आणि कोणती मेलेली, तेच कळत नाही.

आमच्याकडे आता बाल्कनीचं दार पूर्ण लागतं. परवा पाऊस आला तेव्हा आईने ते ओढलं आणि सवयीने माझ्याकडे बघितलं. म्हटलं, 'ओढ बिनधास्त, आता तिथे वायरच नाही.'

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. आणि हो, आज घरी गेल्यावर तुमची फायबर कुठून आत येते, ते एकदा बघाच!