हे इंजिन कोणत्या दिवशीचे?

वाफेच्या इंजिनाचे मॉडेल परीक्षकांपुढे आले की पहिला वाद रंगाच्या छटेवरून होतो आणि दुसरा सुट्या भागांच्या संख्येवरून. छटा मुळाबरहुकूम हवी आणि जोडलेले भाग जितके जास्त तितके मॉडेल सरस, अशी सर्वसाधारण समजूत आहे. या दोन्ही कसोट्या मला दुय्यम वाटतात. खरी कसोटी एकच: हे इंजिन कोणत्या काळातले आहे, आणि त्याच्या अंगावरची प्रत्येक गोष्ट त्याच काळाची साक्ष देते का? रंग, अक्षरे, धुराडे, टेंडर, दिवे आणि मळसुद्धा एकाच दिवसाचा असायला हवा. मॉडेल कसे जोखावे आणि कसे सुधारावे, याची उत्तरे या एका प्रश्नातून आपोआप निघत जातात.

सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण घेऊ. ब्रिटनमधल्या डॉनकॅस्टर कारखान्यात 1923 मध्ये बांधलेले ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ हे जगातले बहुधा सर्वांत प्रसिद्ध वाफेचे इंजिन. त्याची मॉडेल्स सर्व आकारांत आणि सर्व किमतींत मिळतात. पण ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ हे एक इंजिन नव्हे, ती इंजिनांची मालिकाच आहे. 1924 मध्ये ते वेम्ब्लीच्या प्रदर्शनात उभे राहिले तेव्हा 4472 हा आकडा टेंडरवर होता. तो कॅबच्या बाजूवर आला तो पुढे काही वर्षांनी. 1 मे 1928 रोजी लंडन ते एडिंबरा हा विनाथांबा प्रवास सुरू झाला. वाटेत चालक बदलता यावेत म्हणून टेंडरच्या आतून जायला बोळ केलेला होता. म्हणजे वेम्ब्लीच्या रूपातल्या मॉडेलला बोळाचे टेंडर लावले, तर ते इंजिन चार वर्षे पुढचे सामान घेऊन उभे आहे. महायुद्धात त्याला काळा रंग चढला. 1947 च्या जानेवारीत त्याचे रूपांतर ए-थ्री वर्गात झाले, आणि त्याबरोबर स्मोकबॉक्सच्या दोन्ही बाजूंना सुपरहीटरची लहान चौकोनी झाकणे दिसू लागली. बोटाच्या नखापेक्षाही लहान असलेली ती झाकणे 1930 च्या दशकातल्या सफरचंदी हिरव्या मॉडेलवर असली, तर रंग कितीही अचूक असो, मॉडेल खोटे बोलते आहे. राष्ट्रीयीकरणानंतर ते 60103 झाले, काही काळ निळे होते, मग हिरवे झाले. 1959 मध्ये दुहेरी धुराडे आले, 1961 च्या अखेरीस धूर वर सारणारे पत्रे लागले आणि 1963 च्या जानेवारीत इंजिन सेवेतून निवृत्त झाले. हिरवा रंग, दुहेरी धुराडे, धुराचे पत्रे आणि 60103 हा आकडा असे रूप कामावर असताना जेमतेम वर्षभर टिकले. आजही हे इंजिन त्याच रूपात धावते. मात्र आज त्याच्यामागे बोळाचे टेंडर आहे आणि 1962 मध्ये ते नव्हते. आकडा तोच, रंग तोच. काळ सांगते ते फक्त टेंडर.

आता रंगाकडे वळू. छटेवर हिरिरीने वाद होतात खरे, पण छटा हा सर्वांत कमकुवत साक्षीदार आहे. जुन्या कृष्णधवल फिल्मपैकी ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग दिसतच नसे, त्यामुळे लाल बफर बीम छायाचित्रात काळा दिसतो आणि निळा रंग फिकट पडतो. कारखान्यांनी काढलेल्या अधिकृत छायाचित्रांसाठी तर नव्या इंजिनाला मुद्दाम राखाडी रंग देत. सुरुवातीच्या रंगीत फिल्म स्वतःच्याच रंगाकडे झुकतात. जतन केलेले इंजिन पाहून छटा जुळवावी, तर ते आजवर किती वेळा रंगवले गेले असेल! त्यातच वॉर्निश कालांतराने पिवळसर होते, आणि पिवळ्या थराखालचा निळा हिरवट दिसू लागतो. मूळ रंगाचा नमुना हाती लागला, तरी दिवसाच्या उजेडात तंतोतंत जुळलेले दोन रंग सभागृहातल्या दिव्यांखाली वेगळे दिसू शकतात. म्हणून परीक्षकाने छटेला संशयाचा फायदा द्यावा. गडबड एवढी मोठी असेल की पाहताक्षणी दुसऱ्याच कंपनीचे इंजिन वाटावे, तरच गुण कापावेत. ‘रंग महत्त्वाचा नाही, असे म्हणता काय?’ असे कोणी विचारील. रंग महत्त्वाचा आहेच. मात्र रंगाची जाडी, चमक आणि सीमारेषा या गोष्टी मोजता येतात, छटा मोजता येत नाही. आणि परीक्षणाने मोजता येण्याजोग्या गोष्टींवर उभे राहावे.

मोजायचे कसे, ते पाहू. ब्रिटनमधला रुळलेला ओओ आकार फुटाला चार मिलिमीटरचा, म्हणजे मुळाच्या शहात्तराव्या भागाएवढा. मॉडेलवर रंगाचा थर 0.1 मिलिमीटर चढला, तर मूळ इंजिनावर तो साडेसात मिलिमीटरचा लेप झाला. रिव्हेटांची डोकी त्यात बुडतात, पत्र्यांच्या कडा गोल होतात आणि इंजिन साबणाच्या वडीसारखे गुळगुळीत दिसू लागते. म्हणून प्रायमर आणि रंग एअरब्रशने पातळ थरांत द्यायचे आणि प्रत्येक थर पूर्ण वाळू द्यायचा, हा नियम सौंदर्याचा नाही, प्रमाणाचा आहे. रेषांचेही तसेच. मुळात पाव इंच रुंद असलेली पांढरी रेषा मॉडेलवर 0.08 मिलिमीटरची हवी. ती 0.25 मिलिमीटरची पडली, तर खऱ्या इंजिनावर पाऊण इंचाचा पट्टा झाला. हातभर अंतरावरून 0.08 मिलिमीटर डोळ्याला जेमतेम जाणवते, तेव्हा रेषा थोडी जाड करावी लागते, हा आक्षेप रास्त आहे. पण मग जाड केलेली रेषा शुभ्र ठेवू नये. ती किंचित मळकट, साईच्या रंगाची केली, तर नजरेत तिचे वजन मूळ रेषेइतकेच राहते. निष्णात रंगारी रूलिंग पेनने रेषा ओढतो आणि कोपऱ्यावर पेन फिरवण्याऐवजी आधी वळण काढून मग सरळ बाजू त्याला जोडतो. परीक्षकाने भिंग लावायचे ते तिथे. सांध्यावर रंगाचा थेंब साचलेला आहे का? बॉयलरच्या पट्ट्यावरची रेषा दोन्ही बाजूंना सारख्याच उंचीवर संपते का?

कारखान्यातून येणाऱ्या मॉडेलवरची छपाई आता इतकी बारीक असते की हाताने तिच्या जवळपास पोहोचणे कठीण, मग सुधारायचे काय उरले, असा प्रश्न येतो. हॉर्नबी कंपनीच्या 1920 च्या चावीच्या गाड्यांपासून आजच्या चीनमधल्या उत्पादनापर्यंतचा प्रवास पाहिला तर प्रश्न योग्यच आहे. छपाईला हात लावू नये, हे मला मान्य आहे. पण कारखाना एकच साचा अनेक काळांसाठी वापरतो, आणि तारखेची गफलत तिथेच होते. शिवाय चमक कारखान्याची असते, इंजिनाची नसते. म्हणून सुधारणेची सुरुवात भर घालण्याने नव्हे, कमी करण्याने व्हावी. त्या तारखेला नसलेले भाग काढावेत, चमकणारी चाके आणि प्लॅस्टिकचा कोळसा निष्प्रभ करावा, मग टेंडरमध्ये खऱ्या कोळशाचा चुरा भरावा, हँडरेल जाड असेल तर बारीक तारेचा करावा, पुढे दिवे बसवावेत. दिव्यांतही अर्थ असतो. ब्रिटिश पद्धतीत दोन बफरांच्या वर एकेक दिवा म्हणजे जलद प्रवासी गाडी. तसे दिवे लावून मालगाडी ओढणारे इंजिन दोन तारखांचे नसले, तरी दोन कामांचे झाले.

मळाबद्दल सर्वांत जास्त मतभेद आहेत. संग्राहक म्हणतात, वेदरिंगने, म्हणजे मुद्दाम मळ रंगवल्याने, मॉडेलची किंमत पडते आणि कच्चे काम मळाखाली लपते. पहिली गोष्ट बाजाराची आहे, परीक्षणाची नाही. दुसरी खरी आहे, पण कारण समजून केलेला मळ लपवत नाही, उलट उघड करतो. प्रत्येक डागाला कारण असते. कठीण पाण्याच्या क्षारांचे पांढरे ओघळ बॉयलरच्या प्लगांखाली आणि सेफ्टी व्हॉल्व्हभोवती येतात. ब्रेकची तपकिरी धूळ चाकांच्या आसपास बसते. स्मोकबॉक्सच्या दारातून उपसलेली राख त्याच्या पायाशी सांडते. नवशिक्याची हमखास चूक म्हणजे दांड्यांवर नारिंगी गंज. दांड्यांना सतत तेल लागत असे, त्यामुळे तिथे काळपट, तेलकट लकाकी येते, गंज नव्हे. त्यातही तारीख पाहिली पाहिजे. वेम्ब्लीच्या प्रदर्शनात उभे राहिलेले इंजिन लखलखीत असणेच खरे. साठच्या दशकात वाफेचे दिवस संपत आले तेव्हा डेपोत पुसायला माणसेही उरली नव्हती, आणि काजळीने आकडासुद्धा झाकला जाई.

सर्वांत टोकदार आक्षेप असा: ओओमध्ये रुळांचे अंतरच चुकीचे आहे, मग झाकणे आणि दिवे कशाला मोजता? अंतर खरेच चुकते. 16.5 मिलिमीटरचे रूळ शहात्तरपट केले तर 1254 मिलिमीटर येतात, हवेत 1435; म्हणजे सुमारे सात इंचांचा फरक. पण ती तडजोड सगळ्या ओओवाल्यांनी उघडपणे पत्करलेली आहे आणि सगळ्या इंजिनांना सारखीच लागू आहे. तारखेची गफलत कोणी पत्करत नाही, ती नकळत होते. ‘माझी गाडी, माझे नियम’ असे म्हणणाऱ्यालाही हीच कसोटी लावता येते. जॉन अहर्न यांची मॅडर व्हॅली ही संपूर्ण काल्पनिक लाइन ऑक्सफर्डशायरमधल्या पेंडन संग्रहालयात जतन केली आहे. कल्पित असूनही तिला स्वतःचे नियम आहेत, आणि म्हणून ती खरी वाटते.

आपल्याकडे हा विचार अधिक निकडीचा आहे. पुण्यात कोथरूडच्या जोशी संग्रहालयात छोट्या गाड्या पाहून अनेकांना या छंदाची ओढ लागते, पण भारतीय इंजिन करायला घेतले की तयार साधने तुटपुंजी पडतात. आपला ब्रॉडगेज 1676 मिलिमीटरचा. 1:87 या प्रमाणात तो सव्वाएकोणीस मिलिमीटर हवा, पण धावतो 16.5 वरच. तुटीचे हे गणित मान्य करून 1947 पासून आलेल्या डब्ल्यूपी इंजिनाचे मॉडेल करताना खरा प्रश्न रंगाचा येतो, कारण बंदुकीच्या गोळीसारख्या त्या तोंडावरचा तारा आणि अंगावरचे पट्टे रेल्वेगणिक आणि शेडगणिक बदलत. एका विभागाच्या इंजिनाचा रंग आणि दुसऱ्याचे पट्टे एकत्र आले, की कोणत्याही शेडमध्ये कधीही नसलेले इंजिन तयार होते. तेव्हा काम सुरू करण्यापूर्वी एकाच इंजिनाचे, तारीख आणि शेड ठाऊक असलेले छायाचित्र मिळवावे, मग ते कृष्णधवल असले तरी चालेल. पट्टे कुठून कुठे गेले, ताऱ्याला किती टोके आहेत, हेडलाइटची कड रंगवली आहे की पॉलिश केली आहे, हे त्यात दिसते. रंगाच्या छटेबाबत त्या काळी शेडवर काम केलेल्यांना विचारता येते, आणि ती माणसे आहेत तोवर विचारून घ्यावे.