लाकडाने घडविलेली करवत

जर्मनीतील स्टुटगार्ट येथे आंद्रेआस स्टील या अभियंत्याने सन 1926 मध्ये आपला कारखाना मांडला आणि विजेवर चालणारी, 64 किलो वजनाची, दोन माणसांनी दोन टोकांना धरून ओंडके आडवे कापावयाची साखळीकरवत तयार केली, त्या घटनेला आता एक शतक होत आहे. पुढल्याच वर्षी थुरिंगियातील डोल्मार नावाच्या टेकडीवर एमिल लेर्प याने पेट्रोलवर चालणाऱ्या आपल्या करवतीची परीक्षा घेतली आणि त्या टेकडीचेच नाव आपल्या यंत्रांस दिले. 1929 सालचे स्टीलचे पेट्रोल यंत्र 46 किलोंचे व 6 अश्वशक्तीचे होते, 1950 मध्ये एकट्या माणसास उचलता येईल असे 16 किलोंचे यंत्र निघाले, 1959 मधील ‘कॉन्ट्रा’ने तीच 6 अश्वशक्ती 12 किलोंत बसविली, आणि इंधनाचा फवारा इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाखाली सोडणारे 79.2 घनसेंटिमीटरचे आजचे यंत्र पाते व साखळी वगळता अवघ्या 6.2 किलोंत त्याहून काहीशी अधिक शक्ती देते.

हा तपशील दिपविणारा आहे खरा, तथापि तेवढ्याच आधारावर या शतकाचा मागोवा घेऊ जाणाऱ्यास अर्धीच हकीकत हाती लागेल. इंजिनाने साखळीस गती दिली, परंतु कापावयाचे काम प्रथमपासून दाताचे होते. आणि तो दात कसा असावा, किती खोल लागावा, किती वेळ धार धरावा, हे सारे कारखानदारांस निरनिराळ्या देशांतील लाकडांनी शिकविले, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रारंभीची साखळी ही दोन माणसांच्या जुन्या आडव्या करवतीचीच नक्कल होती. सॅन फ्रान्सिस्कोच्या सॅम्युएल बेन्स याने 1905 मध्ये अखंड साखळीच्या करवतीचे पेटंट मिळविले, तेव्हा कॅलिफोर्नियातील प्रचंड रेडवूड वृक्ष पाडणे हा त्याचा हेतू होता; परंतु दाताची मूळ कल्पना पुढे कित्येक वर्षे तीच राहिली. डाव्या-उजव्या बाजूंचे टोकदार दात तंतू ओरखडून तोडीत आणि मधला दात तुटलेले लाकूड ओढून बाहेर काढी. अशा साखळीतून भुसा बारीक पडे, धार लवकर जाई आणि इतके दात पुन्हा कानसण्यात मजुराच्या दिवसाचा मोठा हिस्सा खर्ची पडे. ऑरेगनमध्ये लाकूडतोडीचे काम करणाऱ्या जोसेफ बफर्ड कॉक्स याने 1946 मध्ये जळाऊ लाकूड फोडीत असता एका बुंध्यात लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्याची बोटाएवढी अळी पाहिली, आणि ती आपले जबडे डावी-उजवीकडे चालवीत तंतूंच्या दिशेने व तंतूंच्या आडवीही सारख्याच सहजतेने लाकूड खात आहे, हे त्याच्या ध्यानी आले. त्या जबड्यांच्या धर्तीवर त्याने पोर्टलंड येथील आपल्या घराच्या तळघरात जी साखळी बनविली आणि जिच्यासाठी 1947 मध्ये कंपनी स्थापन केली, तिचा वाकडा, एकाआड एक डावा-उजवा दात लाकूड ओरखडीत नसे. तो त्याची ढलपी उचलीत असे. दातापुढचा एक ठेंगणा उंचवटा, दात किती खोल जावा याची मर्यादा घालून देई. आज जगातील बहुतेक साखळ्या याच तत्त्वावर चालतात, आणि यंत्रशास्त्राच्या इतिहासात एका कीटकाच्या निरीक्षणाचे एवढे व्यापक फळ क्वचितच पाहावयास मिळते.

याच तत्त्वाला पुढे प्रत्येक प्रदेशाने आपापले वळण दिले. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील डग्लस फर आणि रेडवूड ही लाकडे घेराने अवाढव्य, परंतु प्रकृतीने मऊ. तेथे लांब पाते, मोठे इंजिन, वेगवान साखळी आणि चौकोनी कोपऱ्याचा तीक्ष्ण दात यांची चलती झाली. एवढ्या रुंद छेदात ढलप्यांनीच वाट बुजून जाते, म्हणून मधले काही दात गाळून विरळ दातांची साखळी वापरण्याची रीत तेथे पडली. दात कमी केल्याने काम वाढते, ही वरकरणी विपरीत वाटणारी गोष्ट या मऊ लाकडांत खरी ठरली. स्वीडनमध्ये प्रश्न निराळा होता. तेथील स्प्रूस व पाइन यांचे खोड मध्यम, फांद्या मात्र पुष्कळ. त्यामुळे मजुराचा बराचसा वेळ फांद्या छाटण्यात जाई, आणि 50 घनसेंटिमीटरच्या आसपासचे हलके, चपळ यंत्र व अरुंद छेदाची साखळी हीच तेथे उपयोगी ठरली. हिवाळ्यात गोठलेले लाकूड मात्र त्याच झाडाचे असूनही दुसऱ्याच जातीचे वाटावे इतके कठीण होते आणि चौकोनी कोपऱ्याची नाजूक धार त्यात टिकत नाही.

ऑस्ट्रेलियातील जाराह व आयर्नबार्क यांसारख्या निलगिरी कुळातील लाकडांनी तर मऊ लाकडांवर बेतलेले ठोकताळे मोडून काढले. तेथे गोलसर कोपऱ्याचा दात हाच शहाणपणाचा ठरला. पहिल्या काही छेदांत तो मागे पडतो, पण धार अधिक काळ धरीत असल्याने दिवसअखेर तोच पुढे असतो. अशा लाकडात पाते आखूड व इंजिन मोठे ठेवावे लागते आणि दातापुढचा उंचवटा अधिक घासण्याचा मोह आवरावा लागतो, कारण खोल शिरू पाहणारा दात कठीण लाकडात अडकतो, साखळी हिसके देते आणि यंत्र माणसाच्या हातातून उसळू पाहते. सर्वसाधारण साखळीत दात व उंचवटा यांतील अंतर 0.65 मिलिमीटरच्या आसपास असते. एवढ्याशा फरकावर कामाची गती आणि कामगाराची सुरक्षितता दोन्ही अवलंबून असतात.

लाकूडतोडीच्या ज्या सार्वजनिक स्पर्धा 1985 पासून गाजत आहेत, त्यांत व्हाइट पाइन किंवा पॉप्लर यांसारखे मऊ, एकसारख्या घेराचे ओंडके देतात. स्पर्धकांची तुलना न्याय्य व्हावी म्हणून ते योग्यच आहे. परंतु तेथील सेकंदांवरून आपल्याकडील बाभळीचा अंदाज बांधू नये.

आपल्या देशातील लाकडांची मोजदाद डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेने सागास 100 धरून केली आणि इतर लाकडांचे वजन, बळकटी व कठीणपणा त्या प्रमाणात सांगण्याची पद्धत रूढ झाली. इमारतीच्या कामास हे मान उत्तम आहे. करवतीच्या दृष्टीने मात्र साग हा फसवा मापदंड होय. घनमीटरमागे सुमारे 650 किलो वजनाचा साग कठीणपणात मध्यमच. पण त्याच्या तंतूंत वाळूच्याच जातीचे सिलिका असते आणि ते पोलादाची धार झिजविते. म्हणून सागाहून जड, परंतु ताज्या ओल्या बाभळीत जी साखळी टिकते, ती वाळलेल्या सागात त्याहून लवकर बोथट झाल्याचे आढळू शकते. ब्रह्मदेशात सागाच्या बुंध्याभोवती खाच पाडून झाड दोन-तीन वर्षे उभेच वाळवीत, कारण ओला साग पाण्यावर तरत नाही आणि ओंडके नदीतून वाहून न्यावयाचे असत; असा उभ्याने वाळलेला साग कापणे हे कुऱ्हाडीस आणि करवतीस सारखेच कष्टाचे. दुसऱ्या टोकाला सावर आहे, जिचे लाकूड इतके हलके व मऊ की साधे यंत्रही त्यातून सहज उतरते, फक्त ओले तंतू साखळीच्या चाकात गुंततात. आणि अंजन, खैर यांसारखी लाकडे अशी, की त्यांचे वजन पाण्याच्या जवळपास किंवा त्याहून अधिक भरते. एकाच यंत्राला, एकाच साखळीनिशी या सर्वांपुढे उभे करणे म्हणजे यंत्राचे नुकसान आणि माणसाचे हाल.

माडाची गोष्ट तर स्वतंत्रच सांगावी लागेल. त्याला वलये नाहीत. घेराकडचा भाग गच्च व सिलिकायुक्त, मधला भाग भुसभुशीत, आणि सर्वत्र लांब दोऱ्यांसारखे तंतू. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले आणि श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, दापोली या टापूतील नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, तेव्हा वाटा मोकळ्या करण्यासाठी चेनसॉचा आधार घ्यावा लागला. आणि पुढल्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळाने किनारपट्टीस तोच प्रसंग पुन्हा दाखविला. अशा झाडांत नुसती धार पुरत नाही. वाकून अडकलेल्या खोडाच्या एका अंगास दाब व दुसऱ्या अंगास ताण असतो. दाबाच्या बाजूने आधी बेताची खाच घेऊन मग ताणाच्या बाजूने छेद न दिल्यास पाते तरी आवळले जाते किंवा खोड तरी फाटून अंगावर येते, आणि उपटलेल्या मुळांचा गड्डा खोड सुटताच मागे कोसळतो. 8 जानेवारी 2005 च्या गुद्रुन वादळाने दक्षिण स्वीडनमध्ये सुमारे 7.5 कोटी घनमीटर लाकूड लोळविले, त्याची आवराआवर करताना त्या अनुभवी देशातही कामगारांचे प्राण गेले.

यंत्राच्या सुधारणांत मला सर्वांत मोलाच्या वाटतात त्या वेगाच्या नव्हेत. सतत कंपनामुळे बोटांतील रक्तप्रवाह मंदावून ती पांढरी पडण्याचा विकार जंगल कामगारांत पसरू लागला, तेव्हा साठीच्या दशकात मुठी व इंजिन यांच्यामध्ये कंपन शोषणारी योजना आली. आणि पात्याचे टोक उसळताच साखळी थांबविणारा ब्रेक सत्तरीच्या आरंभी आला. ज्या कठीण लाकडांत यंत्र अधिक थरथरते व अधिक उसळते, तेथे काम करणाऱ्यांस या दोन गोष्टींनी हात-पाय शाबूत ठेवून घरी जाता आले.

आपल्याकडे मात्र चेनसॉ विकत घेताना अजूनही पहिली चौकशी होते ती किती ‘सीसी’ची आणि किती किमतीची, एवढीच, पुष्कळदा अनवाणी किंवा चपला घातलेला मजूर ती उचलून झाडावर चढतो आणि पिठासारखा भुसा पडू लागला तरी, म्हणजे धार गेली तरी, जोर लावून रेटीत राहतो. ठेकेदारांनी, बागायतदारांनी आणि ग्रामपंचायतींनी यंत्र घेण्यापूर्वी आपल्या टापूत कोणते लाकूड कापावयाचे आहे हे आधी ठरवावे, त्यानुसार साखळी निवडावी, आणि यंत्राच्या बिलातच योग्य मापाची गोल कानस, शिरस्त्राण, डोळ्यांचे व कानांचे संरक्षण, साखळी अडविणारी विजार आणि भक्कम बूट यांची रक्कम धरावी. तेवढी रक्कम हाती नसेल, तर यंत्राची खरेदी पुढे ढकलावी.