व्हीपीएन जुळते, फोल्डर उघडत नाही

मेडशीस घरी बसून अकोल्याच्या कचेरीतील सामायिक फोल्डर उघडू पाहणाऱ्या कारकुनास, व्हीपीएन जोडले गेल्याची ग्वाही पडद्यावर झळकत असूनही, मार्ग सापडत नसल्याचा जबाब मिळतो, तेव्हा दोष बहुधा नावाचा असतो. कारण स्थानिक जाळ्यात संगणकाचे नाव पुकारून त्याचा ठावठिकाणा विचारण्याची जी वहिवाट, ती पुकार सामान्यतः व्हीपीएनपलीकडे पोहोचत नाही. म्हणून प्रथम नावाऐवजी सर्व्हरचा आयपी पत्ता लिहून पाहावा. फोल्डर उघडल्यास डीएनएसची तजवीज करावी. न उघडल्यास फायरवॉलने ४४५ क्रमांकाच्या पोर्टास मुभा दिली आहे काय, हे तपासावे. घर आणि कचेरी या दोहोंचे पत्ते १९२.१६८.१ याच मालिकेतील असल्यास मात्र संगणक सर्व्हरला घरातच धुंडाळत राहतो. तेथे घरच्या राउटरची मालिका बदलणे इष्ट.